सीएमएलचं निदान झाल्यावर: एबीएल१ जनुक, रोजची गोळी आणि तीन महिन्यांनी येणारा रिपोर्ट

मिरजेच्या दवाखान्यांत जत, आटपाडी, कवठेमहांकाळपासून पार विजापूरपर्यंतचे रुग्ण येतात. मी इथे फार्मासिस्ट आहे. सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, या रक्ताच्या कर्करोगाची गोळी न्यायला जे येतात, त्यांना मी दोन गोष्टी विचारतेच. शेवटचा रिपोर्ट किती टक्के आला? आणि या महिन्यात गोळ्या किती चुकल्या? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा येतं, “डॉक्टर चांगलं म्हणाले.” दुसऱ्याचं येतं, “एखाददुसरी चुकली असंल.” या आजारात ही दोन उत्तरं नेमक्या आकड्यांत देता आली पाहिजेत. ती कशी द्यायची, त्यासाठी हा लेख. उपचार तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण गोळी आणि फाईल घरात असते, आणि ती घरच्यांनाच सांभाळावी लागते.

आधी जनुकाचं काय बिघडलं ते

माणसाच्या पेशीत २३ जोड्या गुणसूत्रं असतात. त्यातल्या नवव्या गुणसूत्रावर एबीएल१ नावाचं जनुक आहे. टायरोसिन कायनेज प्रकारचं एक एन्झाइम बनवायची माहिती त्यात असते. हे एन्झाइम एटीपीमधला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला, फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाला, त्यातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर, चिकटवतं. फॉस्फेट चिकटला की ते प्रथिन जागं होतं आणि निरोप पुढे जातो: आता वाढ, आता एकाची दोन हो, आता डीएनएची डागडुजी कर. निरोगी पेशीत हे एन्झाइम बहुतेक वेळ बंद असतं. त्याच्या पुढच्या टोकाला स्निग्धाम्लाचा एक छोटा रेणू असतो. तो त्याच एन्झाइमच्या एका खाचेत जाऊन बसतो आणि काम थांबवून ठेवतो. ही खाच लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

सीएमएलमध्ये रक्त तयार करणाऱ्या एखाद्याच मूळपेशीत नववं आणि बाविसावं गुणसूत्र तुटतं आणि तुकड्यांची अदलाबदल होते. एबीएल१चा मोठा भाग बाविसाव्यावरच्या बीसीआर जनुकाला जाऊन जुळतो. या जोड-जनुकातून जे प्रथिन बनतं, त्यात एबीएल१चं बंद राहण्याचं टोक उरत नाही. वर बीसीआरचा भाग अशा प्रथिनांना एकमेकांजवळ खेचून चालूच ठेवतो. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरचं बंद करायचं बटणच निकामी व्हावं, तशी ही गत. निरोप सतत जात राहतो आणि पांढऱ्या पेशी वाढतच जातात.

आखूड झालेलं ते बाविसावं गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना दिसलं. म्हणून रिपोर्टात ‘फिलाडेल्फिया क्रोमोसोम पॉझिटिव्ह’ असं लिहिलेलं असतं. ही दोन गुणसूत्रांतली अदलाबदल आहे हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवून दिलं.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण तिच्यामुळे घरं हवालदिल होतात. जनुकाचा आजार म्हटलं की लोकांना तो आनुवंशिक वाटतो. सीएमएल तसा नाही. हा बदल जन्मानंतर, एका रक्तपेशीत, आपोआप घडतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलाबाळांकडे जात नाही. भारतात हा आजार बऱ्याचदा तिशी-चाळिशीतच समोर येतो, म्हणजे लग्नाच्या वयाची भावंडं किंवा शाळेत जाणारी मुलं घरात असतात. त्यांची तपासणी करायची गरज नाही. त्यांच्या स्थळाला नकार द्यायला हे कारण होऊ शकत नाही. संसर्गाचा तर प्रश्नच नाही; ताट-वाटी वेगळी ठेवू नका.

निदान पक्कं करताना

कित्येकांना काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी लाखाच्या वर निघतात. एरवी त्या ४,००० ते ११,००० असतात. काहींना थकवा, रात्री घाम, वजन उतरणं, आणि प्लीहा, म्हणजे पाणथरी, सुजल्यामुळे डाव्या बरगडीखाली जड वाटणं, दोन घास खाल्ले तरी पोट भरणं असा त्रास असतो.

नुसत्या वाढलेल्या पेशींवरून सीएमएल म्हणता येत नाही. बीसीआर-एबीएल१ सापडायलाच हवं. त्यासाठी रक्ताची पीसीआर तपासणी होते. सुरुवातीला एकदा अस्थिमज्जेचा नमुनाही घेतात. गुणसूत्रं प्रत्यक्ष बघता येतात आणि आजार क्रॉनिक (सुरुवातीच्या, संथ), ॲक्सिलरेटेड (वेग घेतलेल्या) की ब्लास्ट (सगळ्यात गंभीर) अवस्थेत आहे ते कळतं. पाठीच्या खालच्या हाडात सुई जाणार म्हणून लोक ही तपासणी टाळू बघतात. टाळू नका. पुढच्या बहुतेक तपासण्या हाताच्या रक्तावर भागतात.

पहिल्या रिपोर्टात जोड कोणत्या प्रकारची आहे ते लिहिलेलं असतं: ई१३ए२, ई१४ए२ किंवा क्वचित दुसरी एखादी. हा कागद कधीही हरवू देऊ नका. नेहमीची मोजणी पहिल्या दोन प्रकारांसाठी असते. जोड वेगळ्या प्रकारची असेल आणि प्रयोगशाळेला ते माहीतच नसेल, तर आजार असूनही रिपोर्ट ‘आढळले नाही’ असा येऊ शकतो. पहिल्या रिपोर्टाची झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, आणि दर वेळी नमुना देताना दाखवा.

नमुना कधी द्यायचा

पीसीआर तपासणीत मोजला जातो आरएनए, म्हणजे जनुकाची पेशीत निघणारी नक्कल, आणि तो फार लवकर खराब होतो. आपल्या भागातून असे नमुने बऱ्याचदा पुण्या-मुंबईला जातात. शनिवारी दुपारी रक्त दिलं आणि ते रविवारभर इथेच पडून राहिलं, तर आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून सोमवार ते गुरुवार, सकाळी नमुना द्या. रक्त घेणाऱ्याला सरळ विचारा: हा नमुना आज निघणार का, उद्या पोचणार का? गणपती-दिवाळीच्या सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी देऊ नका. पीसीआरसाठी जांभळ्या टोपणाची, ईडीटीएची नळी लागते. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही.

आणि प्रयोगशाळा शक्यतो बदलू नका. शंभर-दोनशे रुपये कमी पडतात म्हणून दर वेळी नवी जागा धरली, तर आकडा आजारामुळे बदलला की मोजणीच्या पद्धतीमुळे, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

गोळी

पहिल्या काही दिवसांत पेशी भराभर उतरवण्यासाठी हायड्रॉक्सीयुरिया आणि युरिक ॲसिड वाढू नये म्हणून ॲलोप्युरिनॉल देतात. तेव्हा पाणी भरपूर प्यायचं. खरं औषध मात्र इमॅटिनिब. अमेरिकेत त्याला मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. एबीएल१ एन्झाइमच्या ज्या जागेत एटीपी बसतो, तीच जागा हा रेणू अडवतो. फॉस्फेट मिळत नाही, निरोप थांबतो. क्रॉनिक अवस्थेत नेहमीची मात्रा दिवसाला एकदा ४०० मिलिग्रॅम.

ती भरल्या पोटी घ्यायची, मोठा पेलाभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. उपाशीपोटी घेतली की मळमळते, आणि मळमळलं की माणूस गोळी टाळायला लागतो. मी सगळ्यांना रात्रीच्या जेवणाची वेळ सुचवते. शेतावर जाणारा माणूस सकाळी काय खाईल, केव्हा खाईल याचा भरवसा नसतो. रात्रीचं जेवण मात्र घरी होतं आणि आठवण करून द्यायला कोणीतरी असतं. जेवण आणि झोप यांत तास-दीड तास ठेवा.

एकादशी असेल, नवरात्र असेल, गोळी चुकवायची नाही. भगर, साबुदाणा, दूध-केळं, जे चालतं ते पोटभर खाऊन घ्या. रोजे धरणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून इफ्तारनंतरच्या जेवणाची वेळ ठरवावी. दिवसातून एकदाच असल्यामुळे हे जमतं. गोळी गिळवत नसेल तर ४०० मिलिग्रॅमची गोळी २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून लगेच पिता येते. घरात गरोदर बाई असेल तर तिने हे काम करू नये.

विसरली तर? त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीही घ्यायच्या नाहीत. उलटी होऊन पडली तरी पुन्हा घ्यायची नाही, पण वहीत लिहायचं.

‘एखाददुसरी चुकली’ याला मी एवढं का धरून बसते, तेही सांगते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातला २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. गोळ्यांच्या डबीच्या झाकणात चिप बसवून ८७ रुग्णांनी डबी किती वेळा उघडली ते मोजलं. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात बीसीआर-एबीएल१च्या रिपोर्टातला आकडा ०.१ टक्क्याच्या खाली उतरण्याची शक्यता सहा वर्षांत ९४ टक्के होती. ज्यांनी त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात २८ टक्के. नव्वद टक्के म्हणजे महिन्याला फक्त तीन गोळ्या चुकलेल्या. आपल्याला तीन काहीच वाटत नाहीत, पण सगळा फरक तिथेच पडतो.

म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज गोळी घेतली की खूण करा. नवं पाकीट उघडताना त्यावर तारीख लिहा. आणि पाकिटातल्या शेवटच्या दहा गोळ्या उरल्या की मेडिकलला फोन करा, संपल्यावर नाही.

पावसाळ्याचं वेगळं. २००५, २०१९, २०२१ या वर्षी कृष्णेचं पाणी कसं चढलं ते सांगलीकराला सांगायला नको. पलूस, मिरज, वाळवा तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांचे रस्ते कित्येक दिवस बंद होते. जुलै उजाडायच्या आत पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या घरात ठेवा. रिपोर्टांच्या झेरॉक्सबरोबर त्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घाला, आणि घर सोडायची वेळ आली तर दागिन्यांच्या आधी ती पिशवी उचला. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी विटा-खानापूरकडून परराज्यांत गेलेल्यांनीही हेच करावं. औषधाचं नाव आणि मात्रा लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असली तर तिथेही गोळी मिळते.

त्रास कोणता सोसायचा, कोणता नाही

सकाळी डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे, मळमळ, पातळ जुलाब, त्वचा उजळ होणं हे इमॅटिनिबचे नेहमीचे परिणाम. पापड-लोणचं कमी करा, सूज थोडी उतरते. पायात गोळे येण्याचा त्रास फार असेल तर सांगा, त्यावर उपाय असतात. आठवड्याला एकदा वजन करा. काही दिवसांत दोन-तीन किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी असू शकतं.

ताप १००.४ च्या वर, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर आपोआप उठलेले निळे डाग, धाप, डोळे पिवळे होणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पहिल्या काही महिन्यांत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार खाली गेल्या की डॉक्टर स्वतः गोळी थोडे दिवस थांबवतात आणि पुन्हा सुरू करतात. ते त्यांनी सीबीसी बघून ठरवलेलं असतं. त्याचा दाखला देऊन आपण घरी थांबवायची नाही.

दुसरी औषधं सुरू होणार असतील तर इमॅटिनिबचं नाव आधी सांगा. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरचं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांमुळे इमॅटिनिब शरीरातून लवकर निघून जातं आणि रक्तात पुरेसं राहत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, किटोकोनॅझोल यांच्यामुळे ते नको तितकं वाढतं. कुठल्याच औषधासाठी आपण होऊन काही बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

तासगावकडच्या बागायतदारांनी द्राक्षं सोडल्याचं मी ऐकते, तेव्हा वाईट वाटतं. वर्ज्य आहे ते ग्रेपफ्रूट, आणि त्याच्या जवळचं पपनस. द्राक्षं आणि बेदाणा खुशाल खा. तसंच हळदीचं. स्वयंपाकातल्या हळदीने काही होत नाही. पण मिरीचा अर्क मिसळलेल्या हळदीच्या कॅप्सूल वेगळ्या. तो अर्क यकृतातल्या औषध फोडणाऱ्या यंत्रणेत ढवळाढवळ करतो. ‘रक्त शुद्ध करणाऱ्या’ बिनलेबलच्या पुड्या तर घरातच आणू नका.

बाईमाणसाने इमॅटिनिब चालू असताना दिवस राहू देऊ नयेत, गर्भाला धोका असतो. मूल हवं असेल तर लाजून गप्प न बसता डॉक्टरांशी आधी बोला, वेळेचं नियोजन करता येतं. दिवस गेल्याचं अचानक कळलं तर त्याच दिवशी जा.

रिपोर्ट कसा वाचायचा

समजा, बाराव्या महिन्याचा रिपोर्ट हातात आहे. त्यात चार आकडे शोधा. बीसीआर-एबीएल१च्या प्रती: १२०. एबीएल१च्या प्रती: ६०,०००. रूपांतर गुणांक: ०.८. आणि शेवटी आयएस टक्केवारी.

दुसरा आकडा म्हणजे नमुन्यातल्या एकूण एबीएल१ची मोजदाद. नमुना धड होता का, हे त्यावरून कळतं. १२० भागिले ६०,००० म्हणजे ०.२ टक्के. त्याला ०.८ ने गुणलं की ०.१६ टक्के. हा आयएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय मापावरचा आकडा. डॉक्टर बघतात तो हाच.

इमॅटिनिब सुरू केल्यावर तीन महिन्यांनी हा आकडा १० किंवा त्याखाली, सहा महिन्यांनी १ किंवा त्याखाली, बारा महिन्यांनी ०.१ किंवा त्याखाली हवा. आपल्या उदाहरणात ०.१६ आहे, म्हणजे किंचित वर. हे अपयश नाही, पण सावध राहायची जागा आहे: गोळ्या चुकतात का ते प्रामाणिकपणे बघायचं आणि पुढची तपासणी वेळेवर करायची. बाराव्या महिन्यात १ च्या वर असेल, किंवा सहाव्या महिन्यात अजून १० च्या वर असेल, तर औषध बदलायचा विषय निघतो.

०.१ च्या खाली गेलं की त्याला एमआर३ म्हणतात, ०.०१ ला एमआर४, ०.००३२ ला एमआर४.५. इथे एक फसगत होते. रिपोर्ट ‘आढळले नाही’ असा आला की घरात पेढे वाटतात. आधी एबीएल१च्या प्रती बघा. त्या १०,००० च्या खाली असतील तर ‘आढळले नाही’ याला फारसा अर्थ नाही. नमुना खराब झाला असेल किंवा आरएनए कमी निघाला असेल. पुन्हा तपासावं लागेल.

उलट बाजूही आहे. मागच्या वेळी ०.०४ होता आणि आता ०.०७ आला म्हणून रात्रीची झोप घालवू नका. या मोजणीत एवढा फरक निव्वळ तपासणीमुळेही पडतो. एकाच आकड्यापेक्षा ओळीने आलेले तीन-चार आकडे बोलतात. म्हणून वहीत एक पान करा: तारीख, प्रयोगशाळा, एबीएल१च्या प्रती, आयएस टक्के, त्या तीन महिन्यांत चुकलेल्या गोळ्या. डॉक्टरांपुढे हे पान उघडलं की पाच मिनिटांच्या भेटीत नेमकं बोलणं होतं.

आकडा वर सरकला तर

पहिला प्रश्न गोळ्या चुकल्या का, दुसरा नवीन औषध सुरू झालं का. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर डॉक्टर एबीएल१ची म्युटेशन तपासणी सांगतात. इमॅटिनिब जिथे बसतं त्या जागेत बदल झालाय का, ते त्यात बघतात. ३१५ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आलं असेल तर त्याला टी३१५आय म्हणतात. त्यावर इमॅटिनिबच नव्हे, तर डॅसॅटिनिब, निलोटिनिब आणि बोसुटिनिबही चालत नाहीत. अशा वेळी पोनॅटिनिब किंवा ॲसिमिनिब हे पर्याय राहतात. सुरुवातीला सांगितलेली ती खाच आठवा. ॲसिमिनिब एटीपीच्या जागी न जाता थेट त्या खाचेत बसतं आणि एन्झाइमला पुन्हा बंद व्हायला लावतं. त्याला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

औषध बदललं की नियमही बदलतात. निलोटिनिब उपाशीपोटीच घ्यायचं असतं, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. डॅसॅटिनिबबरोबर ॲसिडिटीच्या गोळ्या विचारल्याशिवाय चालत नाहीत, आणि त्यावर धाप लागली तर छातीत पाणी झालंय का ते बघावं लागतं. जुन्या सवयीने नवी गोळी घेऊ नका.

खर्च

१ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा इमॅटिनिबच्या एका रूपावरचा पेटंटचा दावा फेटाळला. तेव्हा कंपनीची गोळी महिन्याला सुमारे सव्वा लाखाला पडायची आणि भारतीय जेनेरिक आठ-दहा हजारांना. जेनेरिक निर्धास्त घ्या. फक्त चांगल्या कंपनीची, बिलासकट घ्या आणि दर महिन्याला कंपनी बदलू नका. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार आणि तपासण्या कितपत बसतात ते लेखी विचारून घ्या. पैसे संपले म्हणून महिनाभर गोळी बंद ठेवणारे लोक मी पाहिलेत. तसं होण्याआधी डॉक्टरांना किंवा निदान मेडिकलवाल्याला सांगा, मार्ग निघतो.

गोळी कधी बंद करता येते का

हा प्रश्न दोन वर्षांत प्रत्येकजण विचारतो. इमॅटिनिबवरच्या मोठ्या अभ्यासात दहा वर्षांनी ८३ टक्के रुग्ण हयात होते, आणि ते गोळी घेत राहिल्यामुळे. निवडक रुग्णांत, कित्येक वर्षं औषध झाल्यावर आणि किमान दोन वर्षं एमआर४ किंवा त्याखाली टिकल्यावर, डॉक्टर बंद करून बघतात. त्यातल्या साधारण निम्म्या लोकांचा आजार परत वर येतो, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी सुरू केली की बहुतेकांचा पुन्हा उतरतो. काहींचे बंद केल्यावर सांधे दुखतात. पहिले सहा महिने दर महिन्याला, नंतर वर्ष भरेपर्यंत दोन महिन्यांनी आणि पुढे तीन महिन्यांनी पीसीआर करावीच लागते, त्याच भरवशाच्या प्रयोगशाळेत. दर महिन्याचा तो खर्च आणि खेप जमणार नसेल, तर गोळी चालू ठेवणंच बरं.